आईची दाढ आणि आतड्यातलं गाव

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

आज नगरला औषध विक्रेत्यांचं संमेलन. आयुष्य बदलणारा दिवस. म्हणून ही डायरी सुरू. औषध कंपनीच्या एमआरने दिलेली आहे, प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, पण कागद चांगला जाड आहे. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

सावेडीच्या एक पोटविकारतज्ज्ञ बाई बोलायला आल्या होत्या. डॉ. निकिता. वय चाळीससुद्धा नसेल. विषय: आतड्यातले जिवाणू आणि रोगप्रतिकारशक्ती. जेवणानंतरचं सत्र, त्यामुळे मी झोपायच्या तयारीने बसलो होतो. झोप आली नाही.

बाई म्हणाल्या, आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणूंचं गाव वसलेलं असतं. शरीराची निम्म्याहून जास्त संरक्षक फौज आतड्याच्या भिंतीलगत असते, आणि आपलं कोण, परकं कोण, हे त्या फौजेला शिकवण्यात या गावकऱ्यांचा मोठा हात असतो. अँटिबायोटिक घेतलं की एका चोरापायी अख्खं गाव पेटतं. परत वसायला कित्येक महिने लागतात. काही घरं उघडतच नाहीत.

लहानपणी वारंवार अँटिबायोटिक दिलेल्या मुलांत पुढे दमा, ॲलर्जी जास्त दिसते, असंही म्हणाल्या. ठाम कारण सांगता येत नाही, पण संबंध दिसतो.

ठाम सांगता येत नाही. ठाम सांगता येत नाही.

(आमच्या लेकीला, मनवाला, लहानपणी दर सर्दीला अँटिबायोटिकचं गुलाबी सिरप मीच द्यायचो. ती आता एकोणीस वर्षांची आहे. इनहेलर वापरते. पण ठाम सांगता येत नाही.)

शेवटी बाईंनी विचारलं, इथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक कोण कोण देतं? हात वर करा. दोन-अडीचशे मेडिकलवाले. एकही हात वर नाही. माझाही नाही. पण माझ्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात गुलाबजामची वाटी होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

उद्यापासून चिठ्ठीशिवाय एकही कॅप्सूल नाही. कुणालाही. घरात, बाईंनी सांगितलं तसं, ताक, आंबील, आणि आठवड्याला तीस प्रकारची धान्यं-भाज्या. नेवाशातला पहिला जागरूक मेडिकलवाला म्हणून माझं नाव झालं पाहिजे.

६ जानेवारी, सोमवार.

बोर्ड करून आणला. "डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही." पिवळ्यावर लाल अक्षरं. एकदम ठसठशीत. काउंटरवर जागा नव्हती म्हणून तूर्त फ्रिजच्या बाजूला लावला आहे. फ्रिजचं दार उघडलं की दिसत नाही. पण फ्रिज काही सारखा उघडा नसतो.

बायकोला, सविताला, सांगितलं, उद्यापासून आंबील. ती शिक्षिका, शाळेची तयारी करत होती. म्हणाली, "करा की. नाचणीचं पीठ वरच्या डब्यात आहे." तिला वाटलं मी करणार.

८ जानेवारी, बुधवार.

आसाराम आला. प्रवरेच्या पलीकडे वस्तीवर राहतो, पाच एकर रान आहे, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. घसा धरलेला. म्हणाला, "भाऊ, मागच्या टायमाला दिल्ती ती लाल-पिवळी द्या. तीन दिसाची."

मी म्हटलं, बस. त्याला सगळं समजावलं. आतड्यातलं गाव, फौज, आग. चांगली पंधरा मिनिटं. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली, ती निघून गेली. त्याग केल्याशिवाय प्रबोधन होत नाही.

आसारामने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजी आमच्या रानावानीच हाय की. लई फवारे मारले का गांडूळ बी मरतं, मंग वरून किती बी खत टाका. ह्या साली आमी शेणाचं जीवामृत सोडलं, तवा कुठं माती भुसभुशीत झाली."

इतकं नेमकं बाईंनाही सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, अगदी बरोबर! आणि खूश होऊन त्याला कॅप्सूल दिल्या. तो नऊ मागत होता, मी चार दिल्या. सुरुवात म्हणून हे कमी नाही.

(अर्धवट कोर्स हा पूर्ण कोर्सपेक्षा वाईट, असं बाई म्हणाल्याचं आता आठवतंय. उद्या सांगू त्याला.)

११ जानेवारी, शनिवार.

आसाराम चारही कॅप्सूल परत घेऊन आला. न फोडलेल्या. म्हणाला, "तुमी एवढं सांगितलं, मंग मला घ्यावंसं वाटंना. मिठाच्या गुळन्या केल्या. बरं हाय आता." काउंटरवर ठेवून गेला.

आनंद झाला. तरी दिवसभर काहीतरी टोचत होतं. काय ते कळलं नाही.

तीस प्रकारांची मोजणी: बाजरी, मेथी, वांगं, तूरडाळ, लसूण, कांदा, कोथिंबीर. मग दुकानात मिसळ खाल्ली, तिच्यात मटकी, बटाटा, शेंगदाणे. शेवेत बेसन. लिंबू. एकूण बारा. आठवडा उद्या संपतो. चहातलं आलं धरलं तर तेरा.

१५ जानेवारी, बुधवार.

काल तिळाची वडी चावताना आईची दाढ दुखावली. आज गाल सुजला आहे. आई बहात्तर वर्षांची. पस्तीस वर्षं बालवाडी चालवली, अजून स्वतःची साडी स्वतः धुते, स्वतःचं दुखणं कुणाला सांगत नाही. आज सांगितलं म्हणजे जास्त असणार.

सविता म्हणाली, दातांच्या डॉक्टरकडे न्या. बरोबर आहे. पण आज एमआर येणार होता, उद्या माल येणार आहे. आणि मी तीस वर्षं या धंद्यात आहे. दाढेची सूज मला कळत नाही का?

क्लिंडामायसिन दिलं, अँटिबायोटिकच. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, सात दिवस. आईला स्ट्रिपवरचं नाव वाचून दाखवलं, ती नेहमी विचारतेच.

चिठ्ठीचा नियम मोडलेला नाही. नियम गिऱ्हाइकासाठी आहे. आई गिऱ्हाईक नाही. शिवाय मी डॉक्टरांना फोन लावला होता. रिंग पूर्ण होऊ दिली नाही, बिचारे कामात असतील.

सविताला सांगितलं, डॉक्टरांशी बोलणं झालं.

१८ जानेवारी, शनिवार.

सूज उतरली! आई भाकरी चावून खाते आहे. अनुभव म्हणतात तो हाच.

मनवाचा फोन. ती नगरला होस्टेलवर असते, मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाली, "बाबा, आजीला काय दिलंस?" मी म्हटलं, साधी दुखण्यावरची गोळी. कशाला उगीच. परीक्षा जवळ आली आहे पोरीची.

२२ जानेवारी, बुधवार.

आईचा कोर्स काल पूर्ण. ताक सुरू करायला सांगितलं. आई म्हणाली, "मी रोजच पिते की." लक्षात आलं नव्हतं.

आंबील अजून व्हायची आहे.

२६ जानेवारी, रविवार.

माझा मित्र भागवत, त्याच्या मळ्यावर हुरडा. आईही आली. दोन मुठी हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी. उन्हात बसून जुन्या गोष्टी सांगत होती, बालवाडीतली. किती दिवसांनी अशी मोकळी हसली. मी प्रत्येकाला आतड्याविषयी सांगितलं. भागवत म्हणाला, "खाताना नको रे."

३० जानेवारी, गुरुवार.

आईचं पोट बिघडलं आहे. कालपासून पाच-सहा वेळा. कारण उघड आहे: हुरडा. तेव्हाच मी म्हणणार होतो, फार खाऊ नकोस.

जुलाब थांबवायची गोळी दिली.

३१ जानेवारी, शुक्रवार.

हुरडा आम्ही सगळ्यांनी खाल्ला होता. भागवतने तर आईच्या चौपट. तो ठणठणीत आहे.

मग दही असेल. किंवा पाणी. नळाला परवा गढूळ आलं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार.

सकाळी सहाला उठलो तर मोरीत पाण्याचा आवाज. आई अंधारात बसून साडी धुत होती. रात्री नेसलेली धुऊन दोरीवर होती, आणि तिच्याशेजारी आणखी एक. म्हणजे रात्रीत तीन. मला बघून म्हणाली, "चहा सांडला रे." चहाचा वास नव्हता.

मी तिला आत नेलं. हाताला धरलं तर हात एवढासा लागला. 

दुकान उघडल्यावर पहिलं काम केलं: पोटाच्या इन्फेक्शनचं चांगलं, स्ट्राँग अँटिबायोटिक काढलं. हे शेवटचं. आता जे काय असेल ते मुळापासून जाईल.

(लिहिताना वाटतंय की हेच वाक्य मी पंधरा जानेवारीला मनात म्हटलं होतं. पण तेव्हा दाढ होती. आता पोट आहे. दोन वेगळे विषय.)

३ फेब्रुवारी, सोमवार.

आज दहा वेळा. ताप. बोलताना मध्येच थांबते.

बाथरूमच्या दाराशी सॅनिटायझरची मोठी बाटली ठेवली. दर वेळी हात स्वच्छ झाले पाहिजेत. निदान स्वच्छतेत मी कुठे कमी पडलेलो नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. नगर, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर.

सकाळी आईने मला हाक मारली आणि बाबांचं नाव घेतलं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. सविताने शाळेत फोन केला, मी गाडी काढली. घोडेगावच्या अलीकडे आईने थांबायला सांगितलं. पेट्रोल पंपावर मी बाहेर पाण्याची बाटली घेऊन उभा. बराच वेळ झाला. मग ती भिंतीला धरून बाहेर आली आणि म्हणाली, "उशीर होतोय ना तुला दुकानाला?"

हे लिहायला नको होतं. पण खरं तेच लिहायचं ठरलंय.

सावेडीला आलो. डॉ. निकितांनीच तपासलं. मला ओळखलं. म्हणाल्या, "तुम्ही संमेलनात पहिल्या रांगेत होतात. प्रत्येक वाक्याला मान हलवत होतात." इतर वेळी बरं वाटलं असतं.

मग विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत आजींना कुठलं अँटिबायोटिक दिलंय का?"

सविता माझ्याकडे बघत होती. आईचे डोळे मिटलेले होते.

मी म्हटलं, "नाही. तसं विशेष काही नाही."

"विशेष" या शब्दामुळे हे पूर्ण खोटं होत नाही.

सलाईन लावलं. रक्त घेतलं. किडनीवर ताण आहे म्हणाल्या. कारण शोधतो म्हणाल्या.

तोच दिवस, थोड्या वेळाने.

सांगायला हवं होतं का? कारण कदाचित वेगळंच निघेल. उगाच बाईंचा तपास भरकटायचा. शिवाय दुकानाचा परवाना. शिवाय सविता समोर होती. संध्याकाळच्या राउंडला सांगतो.

रात्र. राउंड झाला. त्यांच्याबरोबर दोन ज्युनिअर होते. अशा गोष्टी चार माणसांत सांगायच्या नसतात.

५ फेब्रुवारी, बुधवार.

आईचं पोट फुगलंय. हात लावला की कण्हते. किडनीचा आकडा वाढला. कारण अजून कळलेलं नाही. बाई आज दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी पुन्हा विचारलं, "नक्की काही दिलं नव्हतं?" मी जुलाबाच्या गोळीचं सांगितलं. तीही द्यायला नको होती म्हणाल्या. तेवढ्यावर बोलणी खाल्ली आणि खरं सांगतो, जरा हलकं वाटलं. जणू पुरती शिक्षा भोगली.

मनवा होस्टेलवरून आली. तिने आधी मी पलंगाशेजारी ठेवलेली सॅनिटायझरची बाटली उचलून बाजूला ठेवली. म्हणाली, पोटाच्या एका जंतूची कडक कवचाची बी असते, ती सॅनिटायझरने मरत नाही, साबणाने हात चोळून धुवावे लागतात. मग मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली. म्हणाली, "बाबा, तो जंतू बहुतेकदा अँटिबायोटिकनंतरच माजतो. आतड्यातले बाकीचे मेले की त्याला रान मोकळं मिळतं. म्हणून विचारते. आजीला दाढेसाठी काय दिलं होतंस?"

तिला धाप लागली होती, जिना चढून आली होती. इनहेलर काढून दोनदा ओढला. मी तो आवाज ऐकत उभा राहिलो.

आणि म्हटलं, "पेनकिलर."

 "बरं," ती म्हणाली आणि बाईंच्या केबिनकडे गेली.

उद्या सकाळी पहिल्यांदा सांगणार. एका कागदावर सगळं लिहून काढतो: नाव, मिलिग्रॅम, तारखा. शिवाय दोन वर्षं मी तिला रोज ॲसिडिटीची गोळी देतोय तेही, आणि दोन तारखेचं स्ट्राँगवालं. तोंडाने सांगताना माणूस अडखळतो. कागद बरा.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

साडेनऊला कागद घेऊन बाईंच्या केबिनमध्ये गेलो. कागद दोनदा फेअर केला होता. बसलो. तोंड उघडलं.

बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. निदान झालं. मनवा म्हणत होती तोच जंतू. काल संध्याकाळी आजी शुद्धीवर होत्या तेव्हा मी पुन्हा विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. दाढेसाठी दुकानातून क्लिंडामायसिन घेतलं, मुलाला न सांगता. मुलाला रागावू नका म्हणाल्या. लगेच शौचाची तपासणी पाठवली, रात्रीच औषध सुरू केलं."

माझा कागद मांडीवर होता. घडी घातलेला.

बाई म्हणाल्या, "अहो, दीड दिवस गेला ना यात. या वयात दीड दिवस फार असतो. घरातली म्हातारी माणसं असं करतात. औषधं त्यांच्या हाताशी ठेवत जाऊ नका."

मी म्हटलं, "हो. आता कुलूप लावतो."

हे मी म्हटलं. मीच. माझ्या तोंडाने.

कागद खिशात आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार.

ताप उतरला. किडनीचा आकडा खाली. आईने दोन चमचे पेज मागून घेतली. मी जिन्यात जाऊन रडलो.

आई! काय लिहू? स्वतः मरणाच्या दारात, आणि पोराच्या अब्रूसाठी खोटं बोलली. जी बाई बालवाडीतला खडू कधी घरी आणत नव्हती ती. आईचं काळीज म्हणतात ते असं असतं. मी तिच्या या त्यागाला शोभेल असा मुलगा होणार. घरी गेल्यावर योग्य वेळ बघून सगळ्यांना सांगणार.

बाकीच्या औषधांचं (ॲसिडिटी, स्ट्राँगवालं) बाईंना सांगितलं. आई घेत होती, एवढं सांगितलं. कोणी दिलं ते त्यांनी विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

घरी आलो. ॲसिडिटीची गोळी बंद; तिनेही या जंतूला वाट मोकळी होते म्हणाल्या बाई. फाइलवर इंग्रजीत लिहिलंय की रुग्णाने स्वतःहून, घरच्यांना न सांगता औषध घेतलं होतं. आईने फाइल हातात घेतली, उलटसुलट केली, विचारलं काय लिहिलंय. मी म्हटलं, बरी झालीस असं लिहिलंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

सविताने आईच्या खोलीतला गोळ्यांचा डबा काढून कपाटात ठेवला, कुलूप घातलं. रागाने नाही, काळजीने. पण आईशी बोलताना लहान मुलाशी बोलतात तसं बोलली: "आई, आता काही दुखलं की आधी आम्हाला सांगायचं हं. गुपचूप काही घ्यायचं नाही." आई म्हणाली, "बरं गं."

मी पेपर वाचत होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार.

आईला बघायला माणसं येतात. भागवत आणि त्याची बायको आले. सविताने सांगितलं, दाढ दुखली तर कुणाला बोलल्या नाहीत, दुकानातून परस्पर कॅप्सूल उचलल्या. भागवतची बायको हसून म्हणाली, "काय मावशी, चोरून खायची ती चॉकलेटं खायची."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मग पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर बघत बसली.

मीही हसलो होतो. न हसलो तर संशय आला असता.

आज जेवण गेलं नाही.  माझ्या आतड्यातल्या गावाला कळलं असावं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

आसाराम आईला बघायला घरी आला. घरच्या गावरान गाईचं ताक बाटलीत आणलं होतं. आईला म्हणाला, "माय, आमचे भाऊ लई भला मानूस. मला कॅप्सूल दिल्या, पर घेऊ नको म्हनून आधी पंधरा मिन्टं सांगितलं. घरच्या मानसाला तर किती जपत असतील."

आई म्हणाली, "हो, फार जपतो."

मी चहा आणायला आत गेलो आणि तो जाईपर्यंत आतच थांबलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

ठरलं. पंचवीसला तपासणीला जायचंय. बाईंसमोर, सविताच्या देखत, सगळं सांगणार. माझी तयारी पूर्ण आहे. बाई कदाचित तक्रार करतील. परवान्याचं काय व्हायचं ते होवो. सविता कदाचित आठवडाभर बोलणार नाही. आई रडेल. म्हणेल, कशाला सांगितलंस रे. मी म्हणेन, आई, तुझ्या डोक्यावर हा डाग मला बघवत नाही.

वाक्य दोन-तीनदा म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ.

सांगितलं.

बाईंनी आईचं पोट तपासलं, छान आहे म्हणाल्या. गाव हळूहळू वसतंय. अजून दोन महिने जपा, हा जंतू परत येऊ शकतो. मी उभा राहिलो. खिशातला कागद काढला. घाम लागून शाई पसरली होती, त्यामुळे तोंडानेच सांगावं लागलं. पंधरा जानेवारीपासून सगळं. आईने काही चोरलं नाही, मी दिलं. तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोनदा खोटं बोललो. माझ्यामुळे दीड दिवस गेला.

मला वाटलं होतं खोलीत शांतता पसरेल. बाई फाइलवर काहीतरी लिहीत राहिल्या.

मग म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. आजींनी मला औषधाचं नाव सांगितलं, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, सात दिवस. चोरून घेणारं माणूस इतकं शिस्तीत घेत नाही. पण मला त्यांचं पोट वाचवायचं होतं. तुमच्याशी भांडायला मला वेळ नव्हता." फाइलवरचं ते वाक्य खोडलं, नवीन लिहिलं, सही केली. "आणि बाकीच्यांचं काय?"

मी विचारलं, "कोण बाकीचे?"

"ज्यांना तुम्ही काउंटरवरून देता. त्यांना पुढे काय झालं, ते तुम्हाला कळतं?"

 चार गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर आली. मग चाळीस. एक म्हातारी होती फाट्यावरची, दर महिन्याला पोटाची तक्रार घेऊन यायची आणि दर महिन्याला मी तिला तेच द्यायचो. दिवाळीपासून आलेली नाही. मी धरून चाललो होतो की बरी झाली.

परत येताना पांढरीपूल आला. सविता मागे वळून आईला म्हणाली, "आई, माझं चुकलं. मी सगळ्यांना सांगत सुटले." आई म्हणाली, "तुला काय माहीत गं." दोघींनी हात धरले. मी गाडी चालवत होतो. मला कुणी काही म्हणालं नाही. तेही एका परीने ठीक.

मनवाला फोन केला. सगळं सांगितलं, गुलाबी सिरपचंही. ती मग म्हणाली, "दम्याचं नक्की सांगता येत नाही बाबा. पण दाढेचं मी विचारलं होतं. तेव्हा सांगायचं होतंस." आणि लेक्चर आहे म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी सहाला कसलं लेक्चर.

मग आईजवळ जाऊन बसलो. ती पलंगाच्या कडेला टेकून होती. मला राहवलं नाही. म्हटलं, आई, एवढ्या दुखण्यातही तू माझी अब्रू जपलीस. माझ्यासाठी खोटं बोललीस. हे मी जन्मात विसरणार नाही.

आई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. बालवाडीत एखाद्या पोराने पाटीवर भलतंच काढलं की बघायची, तसं.

"तुझ्यासाठी कुठे रे?" म्हणाली. "डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आणि तू तर काही बोलेनास. तुझं नाव घेतलं असतं तर तू तिथेच वाद घालत बसला असतास, मी असं केलंच नाही म्हणून. त्यात आणखी अर्धा दिवस गेला असता. मी घेतल्या म्हटलं की विषय संपला. मला मरायचं नव्हतं, अवधूत."

"आता जरा सरक," ती म्हणाली. "पाय लांब करू दे मला."

मी सरकलो.